जिथं कुणी सरक म्हणणार नाही

गारखेडा

लडाखला जाऊन आलेली माणसं फोटो दाखवतात. माझ्याकडे दाखवण्यासारखे चारच फोटो आहेत, आणि त्यांतल्या एकात माझा अंगठा आलाय. म्हणून लिहून सांगते. निळं तळं पाहिलंस का, उंट पाहिले का, असं विचारणाऱ्यांना आधीच सांगून टाकते, नाही पाहिले. मी फिरायला गेले नव्हते, आईला पोचवायला गेले होते.

आई म्हणजे डब्यातली आई. पन्नास वर्षं लष्कराच्या छावणीच्या बाजारात भाजी विकायला बसली, तेव्हा ज्या स्टीलच्या डब्यात भाकरी न्यायची, त्याच डब्यात मी तिच्या अस्थी भरल्या होत्या. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढल्यामुळे हाडं आणि राख यांची मला भीती नाही. उलट तो डबा कपाटात असताना घरात कुणीतरी आहे असं वाटायचं.

आम्ही बौद्ध. आई-वडिलांनी दीक्षा घेतली, तेव्हा मी जन्मायची होते. माझं नाव विमल ठेवलं आणि धाकट्या भावाचं धम्मपाल. नावाप्रमाणेच तो धम्माचा पहारेकरी निघाला. पडेगावच्या विहाराचं सगळं काम तोच बघतो. अस्थींचं काय करायचं हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं, विहाराच्या आवारात खड्डा घ्यायचा, त्यात ठेवायच्या, वर पिंपळ लावायचा. साधी आणि चांगली गोष्ट होती. आडवी आले ती मी. कारण शेवटच्या महिन्यात आई माझ्याकडे गारखेड्याला होती आणि तिनं जे सांगितलं ते एकट्या मलाच सांगितलं.

"मला आशा जागी ठिव," ती म्हणाली, "जिथं मला कुणी सरक म्हणणार नाय."

हा शब्द कुठून आला ते मला माहीत होतं. वडील गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. आम्ही गावी होतो, पाऊस होता. आमचं जाळायचं ठिकाण ओढ्याकाठी, उघड्यावर. तिरडी खांद्यावर घेऊन माणसं क्षणभर गावच्या स्मशानाच्या पत्र्याखाली थांबली, तर आतून कुणीतरी म्हणालं, जरा पलीकडं सरका. शिवी नाही, ओरडणं नाही, नुसतं सरका. लोक सरकले. आई तशीच पावसात उभी राहिली. वर्ष संपायच्या आत ती आम्हा दोघांना घेऊन पडेगावला आली, पण तो शब्द तिच्या मागोमाग आला. पाणी भरताना सरक, बाजारात पाटी मांडताना ए बाई सरक. तिला तो शब्द इतका पाठ झाला होता की दवाखान्याच्या बाकावरही ती कडेला बसायची.

आता यात लडाख कुठून आलं? छावणीतून. तिथल्या एका तुकडीत नोर्बू नावाचा लडाखी जवान होता. आईच्या पाटीमागे बुद्धाचं एक कॅलेंडर टांगलेलं असायचं. त्यापुढे हा जवान हात जोडून उभा राहिला, आणि तेव्हापासून दर सुट्टीला तिच्याकडून कोथिंबीर घ्यायला यायला लागला. कोथिंबिरीचं तो काय करत होता कोण जाणे. बुद्धपौर्णिमेला आईनं त्याला घरी जेवायला बोलावलं, तेव्हा तो सांगत होता, आमा, आमच्या गावात सगळे बुद्धाचेच लोक आहेत, दुसरं कुणी नाहीच. आईनं विचारलं, "मंग तिथं सरक कोण म्हणत आसंल?" त्याला प्रश्न कळला नाही, तो हसला. आई हसली नाही.

धम्मपालला मी हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तिकडं हाडाची पूड करून मातीत कालवतात अन् त्याचे गोळे करून ठिवतात. म्या वाचलंय. त्यो पिंडच झाला की. आईनं बावीस प्रतिज्ञा घेतल्याल्या, तू तिचा पिंड घालणार का?"

त्याचं चुकीचं नव्हतं, तरी मी तिकीट काढलं. श्राद्ध, पिंड, हे सगळं सोडून आम्हाला दोन पिढ्या झाल्या. मी निघाले तो पितृपक्षच होता. आमच्या इमारतीच्या गच्चीवर रोज कुणाचं तरी पान वाढलेलं असायचं आणि लोक कावळ्याला हाका मारत उभे असायचे. शेजारच्या जाधवकाकू जिन्यात भेटल्या. तुमच्यात काही करत नाहीत ना, असं त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, आणि वर खिरीची वाटीही दिली. मी ती खाल्ली. पिशवीतल्या डब्यात आई होती हे मात्र त्यांना सांगितलं नाही.

लेह

विमानतळावर तपासणीला डबा बाहेर काढावा लागला. कागदपत्रं होती, तरी तपासणाऱ्या मुलीनं विचारलं, यात काय आहे. मी म्हटलं, आई. तिनं झाकण उघडलं नाही. दोन्ही हातांनी डबा परत दिला.

लेहला उतरल्यावर पहिला दिवस पडून काढायचा असतो. मी नियमानं पडून राहिले आणि दर तासाला बोटाला यंत्र लावून प्राणवायू मोजत राहिले. नर्सचा स्वभाव निवृत्त होत नाही. दुसऱ्या दिवशी बाहेर पडले आणि लगेच चुकले. रस्त्याकडेला मंत्र कोरलेल्या दगडांची एक लांबलचक भिंत होती. तिच्या डावीकडून चालायचं की उजवीकडून हे मला कुठून ठाऊक असणार? प्रदक्षिणा घालायचीही सवय आम्ही मोडलेली. समोरून एक म्हातारा आला, त्यानं माझे दोन्ही खांदे धरले आणि मला अलगद भिंतीच्या दुसऱ्या अंगाला नेऊन सोडलं. "जुले," म्हणाला आणि निघून गेला. जुले म्हणजे तिथला नमस्कार, आणि धन्यवाद, आणि 'येते हं'सुद्धा. आमच्या जयभीमसारखाच सगळीकडे चालतो.

मग तिथल्या विहारात, म्हणजे गोन्पात गेले आणि खरं सांगायचं तर भांबावून गेले. पडेगावच्या विहारात काय आहे? एक पांढरी मूर्ती, शेजारी निळा कोट घातलेल्या, चष्म्यातल्या त्या माणसाचा फोटो ज्यांनी आम्हाला धम्म दिला, दोन मेणबत्त्या, आणि मागच्या खोलीत मुलांची अभ्यासिका. इथं अंधार, लोण्याच्या दिव्यांचा वास, शेकडो हातांच्या मूर्ती, हिरव्या देवी, आणि एका कोपऱ्यात कुणीतरी उभं, तोंडावर कापड टाकलेलं. त्याच्या गळ्यात कवट्यांची माळ होती. तोंड झाकलंय कशाला, असं मी एका भिक्खूला विचारलं. तो म्हणाला, हा रक्षक आहे, वर्षातून एकदाच तोंड उघडतो. मला राहवलं नाही. बुद्धाला रक्षक कशाला लागतो, मी म्हटलं. तो शांतपणे हसला. म्हणाला, बुद्धाला नाही, आम्हाला लागतो.

धम्मपाल असता तर वाद घालत बसला असता. मी बाहेर पायरीवर बसले आणि विचार करत राहिले. आमचा बुद्ध आम्हाला अभ्यासाला बसवतो. ऊठ, शीक, कुणापुढे वाकू नकोस, असं सांगतो. यांचा बुद्ध यांना बर्फात, उपाशी महिन्यांत, मरणात सांभाळतो. नाव एक, पण कामं निराळी. त्या वेळी मला यात काही बिघडलं असं वाटलं नाही. जिथं ज्याची गरज असते तिथं तो ते काम करत असेल, अशी मी समजूत करून घेतली.

नोर्बूचं गाव

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांनी मला प्रेमानं वागवलं आणि मी जे लिहिणार आहे ते त्यांना आवडणार नाही.

नोर्बू आता सैन्यातून निवृत्त झालाय, पण त्याचा नंबर आईनं जपून ठेवला होता. केस पिकलेत. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यानं डबा माझ्या हातातून घेतला, कपाळाला लावला आणि पुटपुटला, "कोथिंबीर." एवढा एकच मराठी शब्द त्याच्या तोंडात राहिला होता. त्याचे डोळे भरले होते. डबा त्यानं घरातल्या बुद्धाशेजारी ठेवला आणि पुढे दिवा लावला.

सातूची कापणी होऊन गेली होती. खळ्यांवर जनावरं गोल फिरत होती, छतांवर जर्दाळू वाळत घातलेले होते. डोंगर बोडके आणि दरीत तेवढी हिरवी पट्टी, तिच्यात तीसेक पांढरी घरं, वर गोन्पा. गावाच्या मधोमध, जिथं आमच्याकडे पार असतो, तिथं एक पांढरा स्तूप. ते त्याला चोर्तेन म्हणतात. मी गावातून दोन फेऱ्या मारल्या. माझी नजर काय शोधत होती ते माझं मलाच कळत होतं. गावाबाहेर वस्ती आहे का, ती कुठल्या दिशेला, पाणी आधी कुणाकडे जातं. दिसलं नाही काहीच. आई, जमलं बघ, असं मी मनात म्हणालेसुद्धा.

नोर्बूची आई, जिला सगळे आबी म्हणतात, ऐंशी उलटलेली. तिला हिंदी येत नाही, मला लडाखी येत नाही, पण आमचं जमलं. मी नेलेली शेंगदाण्याची चटणी ती खंबीरला, म्हणजे तिथल्या जाड रोटीला, लावून दिवसभर खात होती. मला खारट लोण्याचा चहा काही उतरेना. मी कप रिकामा केला की ती लगेच भरायची. शेवटी नोर्बूनं सांगितलं की नको असेल तर कप भरलेलाच ठेवायचा. दोन दिवस मी उगाच छळ सोसला.

आबीनं विचारलं, तुमचे गुरू कोण. मी पाकिटातला निळ्या कोटातला फोटो काढून दिला. तिनं तो डोक्याला लावला, निरखून पाहिला आणि विचारलं, हे कुठल्या गोन्पाचे लामा. मी म्हटलं, लामा नव्हते, वकील होते. नोर्बूनं भाषांतर केल्यावर ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग तिनं तो मुलाच्या हाती दिला नाही, स्वतः उठून माझ्या पाकिटात नीट ठेवला.

अस्थींचं काय करतात ते नोर्बूनं मला समजावलं. हाडांची पूड चिकणमातीत मळायची, पितळी साच्यात घालून दाबायची. बाहेर येतो तो त्सात्सा. मग ते स्वच्छ जागी, चोर्तेनच्या पोटात ठेवायचे. त्यानं एक जुना त्सात्सा माझ्या तळहातावर ठेवला. मी गोळ्याची कल्पना करून बसले होते. हा तर मुठीएवढा स्तूप होता. खाली गोल बैठक, वर घुमट, घुमटावर टोक. वेरुळात शाळेच्या सहलीला गेल्यापासून पाहत आलेय, तसाच. पिंड कावळ्यानं खायचा असतो, हा कुणी खात नाही. बुद्धाच्या अस्थींवरही लोकांनी स्तूपच बांधले ना? मी फोटो काढून धम्मपालला पाठवला. रेंज आल्यावर त्याचं उत्तर आलं, "दिसाया तर स्तूपच दिसतुया. पन मंतर कुनाला म्हनू दिऊ नको." एवढं त्यानं दिलं म्हणजे फार झालं.

नोर्बूनं गावातल्या जाणत्यांना आधीच विचारून ठेवलं होतं. आईला मधल्या चोर्तेनमध्ये जागा द्यायला सगळे तयार होते. ज्या बाईनं आमच्या मुलाला परमुलखात जेवू घातलं, ती आमचीच, असं ते म्हणाले. मी नोर्बूचे हात धरले. गावाच्या मधोमध. आई आयुष्यात कधी कशाच्या मधोमध बसली नव्हती.

ओळ

दुसऱ्या दिवशी दुपारी नोर्बूच्या घरी कार्यक्रम होता. त्यानं नवी काचेची खोली बांधली होती, गावाला बोलावलं होतं. तिथं लोक भिंतीच्या कडेनं ओळीनं बसतात, समोर बुटकी रंगीत मेजं असतात. वरच्या टोकाला भिक्खू, त्याच्या खाली म्हातारे, मग बाकीचे. मला पाहुणी म्हणून भिक्खूच्या जवळ बसवलं. बुद्धाच्या फोटोसमोर सातूची दारू फिरत होती. आमच्याकडे पंचशील म्हणताना ती सोडल्याचं मोठ्यानं म्हणतात, इथं तिचे चार थेंब आधी बुद्धाला उडवतात. मी भरलेला कप तसाच ठेवला. आता मला युक्ती कळली होती.

दारापाशी ओळीच्या शेवटी एक म्हातारा दोन नगारे घेऊन बसला होता. त्याच्यासमोर मेज नव्हतं. फार सुंदर वाजवत होता, हलक्या हातानं, जणू कुणाला उठवायचंय पण दचकवायचं नाही.

मी मध्येच बाहेर जाऊन आले. परतले तेव्हा गुडघा धरला होता. वरपर्यंत सगळ्यांच्या पायांवरून जायचं जिवावर आलं, म्हणून नगारेवाल्याच्या पलीकडे दाराला टेकून बसले. विहारात उशिरा येणारा दाराशीच बसतो, त्यात काय विशेष?

खोलीतलं बोलणं थांबलं. आबीनं हात उंचावून मला वर बोलावलं. नोर्बू पाहुण्यांना वाढत होता, तो भांडं हातात धरून तसाच उभा राहिला. आणि तो म्हातारा उठला. त्यानं दोन्ही नगारे उचलले, उंबरा ओलांडला आणि बाहेर अंगणात उन्हात जाऊन बसला. त्याला कुणी काही म्हटलं नव्हतं. मला वाटलं माझ्यासाठी जागा केली, म्हणून मी हसून जुले म्हटलं. त्यानं वर पाहिलं नाही.

पण तो ज्या तऱ्हेनं उठला ना, ते मी ओळखलं. आधी खांदे आत घेतले, मग नगारे पोटाशी धरले, मग पाठ न दाखवता मागे मागे गेला. आई पाटी उचलायची ती अशीच. 

पाहुणे गेल्यावर मी नोर्बूला विचारलं. तो टाळत होता, मी सोडलं नाही. मग त्यानं सांगितलं, की ते मोन आहेत, पिढ्यान्‌पिढ्या वाजवणारे. ओळीत त्यांच्या खाली कुणी बसत नाही. मी खाली बसले, म्हणून त्याला आणखी खाली जावं लागलं, आणि खाली जागाच नव्हती. आता पूर्वीसारखं राहिलं नाही, असंही नोर्बू म्हणाला. छावणीत आम्ही सगळे एका पंगतीत जेवायचो. मी विचारलं, आणि इथं? तो मेजं आवरायला लागला.

"त्याचं घर कुठंय?"

ओढ्यापलीकडे, त्यानं हनुवटीनं दाखवलं. विलोच्या झाडांआड दोन घरं होती. माझ्या दोन फेऱ्यांत ती दिसली नव्हती, कारण मी ओढ्यापर्यंत जाऊन परत फिरले होते. मी शेवटचं विचारलं, त्यांचे मेलेले कुठं ठेवता, मधल्या चोर्तेनमध्ये? नोर्बूनं मान हलवली. त्यांची जागा वेगळी आहे, म्हणाला.

मला राग आला आणि तो मला लपवता येत नाही. मी त्याला सांगितलं, की तू माझ्या आईच्या हातचं जेवलास, ती बाई तिच्या गावातली मोन होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. कितीतरी वर्षं त्याला हे माहीतच नव्हतं. आम्ही बौद्ध म्हटल्यावर त्याला वाटलं होतं, बौद्ध म्हणजे बौद्ध. मग तो म्हणाला, "आप तो मेहमान हो."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण त्या उत्तरानं माझा निर्णय करून टाकला. आई पाहुणी म्हणून मधोमध बसेल, आणि तो म्हातारा मागे मागे जात राहील. आईला इथं कुणी सरक म्हणणार नव्हतं हे खरंच होतं. पण तिच्या डोळ्यांदेखत लोक दुसऱ्याला ते म्हणणार होते, तेही न बोलता. हे तिला चाललं असतं का? मला ठाऊक आहे, चाललं नसतं. डबा परत न्यायचा, धम्मपालचा पिंपळच बरा, असं मी ठरवलं.

ओढ्यापलीकडे

निघण्याआधी त्या म्हाताऱ्याची माफी मागायची होती. सकाळी डबा पिशवीत घालून मी निघाले, नोर्बू मागोमाग आला. ओढ्यावर दोन फळ्या टाकलेल्या आहेत. माझा गुडघा बघून त्यानं हात दिला, पण पलीकडे पोचल्यावर तो दाराबाहेरच थांबला.

म्हाताऱ्याचं नाव ताशी. गावात इतक्या दिवसांत ते कुणी घेतलं नव्हतं. तो तरुणपणी रस्त्यांच्या कामावर होता, त्यामुळे हिंदी बरी बोलायचा. मी माफी मागितली तर तो संकोचला. मग मी त्याला आमचं सांगितलं. ओढ्याकाठचं जाळायचं ठिकाण, पत्र्याची शेड, सगळं. आणि हेही, की आमची माणसं एक दिवस ओळीच्या टोकावरून लाखांनी उठली आणि बुद्धाकडे गेली. तो नगाऱ्याच्या वाद्या घट्ट करत ऐकत होता. हात थांबवून त्यानं विचारलं, "उठ के कहाँ बैठे?"

साठ वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, विहारात सतरंजीवर बसतो, कुणी कुठेही. पण बाहेर अजून जागा शोधतोय. आणि डबा काढून दाखवला. ही पण शोधत होती.

त्यानं डब्याकडे पाहिलं, नंतर दाराकडे, आणि नोर्बूला हाक मारली. नोर्बू उंबऱ्यापाशी घुटमळला आणि आत आला. ताशीनं तिघांसाठी चहा ओतला. मी आपला कप उचलून घोट घेतला, तोच खारट लोण्याचा. नोर्बूचा कप त्याच्यासमोर होता, वाफ निघत होती. तो कपाकडे बघत राहिला. वेळ लागला, पण त्यानं उचलला आणि प्यायला. 

ताशीनं फडताळातून पितळी साचा काढला. मागच्या हिवाळ्यात बायको गेली, तेव्हा वापरलेला. तुमच्या आमाला इथं ठेवायचं असेल तर जागा आहे, तो म्हणाला. नसेल तर घेऊन जा, मला वाईट वाटणार नाही. माझं ठरलेलं सगळं त्या साध्या बोलण्यापुढे टिकलं नाही. आईला आजवर गावाबाहेर ठेवलं होतं, कुणी बोलावलं नव्हतं.

नोर्बू माती घेऊन आला. पूड मी केली, मळलं ताशीनं, साच्यात दाबलं आम्ही आळीपाळीनं. सात त्सात्सा झाले. दोन दिवस ते ताशीच्या छतावर जर्दाळूंच्या शेजारी वाळले, मग मी ते परत आईच्या डब्यात भरले. भिक्खूला बोलावलं नाही. मी पाली त्रिशरण म्हटलं, पडेगावच्या चालीवर. ताशीनं त्याच्या भाषेत त्याचं म्हटलं. शब्द एकही जुळत नव्हता, पण तीन वेळा म्हणून आम्ही बरोबरच थांबलो.

त्यांची जागा म्हणजे डोंगराच्या पोटातली एक कपार, छातीएवढ्या उंचीवर. समोर ओढा, पलीकडे सगळं गाव दिसतं. कपार अरुंद होती आणि त्याच्या बायकोच्या त्सात्सांनी काठोकाठ भरली होती. आमचे सात राहतील असं काही दिसेना. मी म्हटलं, बाहेर या दगडावर ठेवते, चालेल. सवयीनं गेलं तोंडातून.

ताशीनं मला हातानं थांबवलं. त्यानं दोन्ही हात कपारीत घातले आणि बायकोचे त्सात्सा एकेक करून भिंतीला लावायला सुरुवात केली. घाई नाही. प्रत्येकाला तळहाताचा आधार देत होता. मधोमध वीतभर जागा मोकळी झाली. तळाची धूळ त्यानं बाहीनं पुसली, आणि माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या डब्याकडे बघून म्हणाला, "आओ, आमा."

आई गेल्यापासून मी रडले नव्हते. तिथं रडले. नोर्बूनं तोंड फिरवलं होतं, पण तोही रडत होता.

लेहला येऊन फोन लागला तेव्हा धम्मपालनं पहिलं विचारलं, मधल्या स्तूपात ठेवलं का. नाही म्हटलं. मग सगळं सांगितलं, ओळ, नगारे, ओढा.  "तिथं बी?" तो म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याला इतक्या बारीक आवाजात बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"मंग ठिवलं कुठं आईला?"

"गावाबाहेर," मी म्हटलं. "पण तिथं एका बाईनं सरकून तिला जागा दिली."